बागेतलं नायट्रेट विहिरीत कधी पोचणार? वाळूचा पाइप, ईसी मीटर आणि एक्सेल वापरून मॉडेल कसं करायचं

नाशिकच्या निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात द्राक्षाला ड्रिपमधून खत जातं, त्यातलं जे नायट्रेट वेल उचलत नाही ते पाण्यासोबत खाली झिरपतं आणि एकदा भूजलात मिसळलं की उताराच्या दिशेने चालायला लागतं, आणि त्या उताराला कुणाची ना कुणाची पिण्याची विहीर असतेच. मग प्रश्न येतो की बाग इथे, विहीर २०० मीटरवर, पोचायला किती दिवस? बरेच जण पाण्याचा सरासरी वेग काढतात, अंतराला वेगाने भागतात आणि एक आकडा सांगून मोकळे होतात. माझं ठाम म्हणणं आहे की तो आकडा विहीरवाल्याच्या कामाचा नाही, कारण विरघळलेलं द्रव्य जमिनीतून एका रांगेत जात नाही, पसरत पसरत जातं, आणि त्याचा पहिला हिस्सा सरासरीच्या कितीतरी आधी पोचतो. हे पसरणं आकड्यात कसं पकडायचं ते इथे पहिल्यापासून सांगते. जिऑलॉजी, सिव्हिल किंवा ॲग्रीचे विद्यार्थी असाल तर सहज जमेल, आणि बारावीपर्यंत गणित झालेल्या बागायतदारालाही जमेल.

आधी थोडी थिअरी, टाळता येणार नाही. जमिनीत द्रव्य हलतं ते मुख्यतः दोन कारणांनी. एक म्हणजे पाणी वाहतंय म्हणून ते वाहतं. हेन्री डार्सीने १८५६ मध्ये दिलेला नियम इथे लागतो: पारगम्यता (जमीन पाणी किती सहज जाऊ देते) गुणिले पाण्याच्या पातळीचा उतार. पण यातून जे मिळतं तो वेग नव्हे, ते अख्ख्या काटछेदातून जाणारं पाणी आहे. पाणी दगडातून जात नाही, फटीतून जातं, म्हणून त्याला सच्छिद्रतेने (एकूण आकारमानात फटींचा हिस्सा किती) भागायचं तेव्हा खरा वेग मिळतो. हे भागायचं राहिलं की उत्तर तीन ते दहा पट चुकतं आणि तरी दिसायला ठीकठाक दिसतं, म्हणून इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या.

दुसरं कारण पसरणं. त्यात डिफ्यूजन असतं, म्हणजे रेणू आपोआप जास्तीकडून कमीकडे सरकतात (१८५५ चा फिकचा नियम), पण मिठासाठी ते साध्या पाण्यातसुद्धा सेकंदाला साधारण ०.००००१५ चौ. सेमी इतकंच आहे. खरं काम करतं ते यांत्रिक डिस्पर्शन. कुंभमेळ्यात तपोवनातून रामकुंडाकडे गर्दी एकाच वेळी निघते, पण कुणी मोठ्या रस्त्याने जातं, कुणी पंचवटीच्या गल्लीबोळातून, कुणी अडकतं, त्यामुळे पोचताना आगेमागे होतात, वाळूच्या कणांमधल्या वाटांमध्येही तेच घडतं. हे पसरणं वेगाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून लिहायची पद्धत अशी:

डी = अल्फा × व्ही + डिफ्यूजन

डी म्हणजे एकूण पसरण्याचा गुणांक, व्ही हा खरा वेग आणि अल्फा म्हणजे डिस्पर्सिव्हिटी, तिचं एकक लांबीचं असतं. आपल्याला शोधायची आहे ती ही अल्फा, आणि ती पुस्तकातून उचलण्याआधी एकदा तरी स्वतः मोजावी असं मला मनापासून वाटतं, कारण हाताने मोजल्याशिवाय तिचा अंदाज बसत नाही.

तर सामान. १ मीटर लांबीचा पीव्हीसी पाइप, आतला व्यास ७ सेमीच्या आसपास, दोन एंड कॅप, आतून लावायला बारीक जाळी, दोन बादल्या, मेडिकलमधून सलाइनचे दोन सेट आणि एक थ्री-वे कॉक, मोजपात्र, आणि ईसी मीटर, म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता (ईसी) मोजणारं यंत्र. ईसी मीटर द्राक्षवाल्यांच्या शेडमध्ये खतासाठी असतोच, वेगळा घ्यायची गरज नाही. वाळू बांधकामावरची चालते पण ती चाळा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, गाळ राहिला तर पाइप मध्येच चोंदतो. पाणी डिस्टिल्ड वापरू नका, नळाचं किंवा बोअरचं वापरा, अगदी बिनक्षाराच्या पाण्याने उरलीसुरली चिकणमाती सुटून फटीत जाऊन बसते.

वाळू भरताना पाइपमध्ये आधी थोडं पाणी घ्यायचं आणि वाळू पाण्यात थोडी थोडी सोडत, बाहेरून रबरी हातोडीने टकटक करत भरायची म्हणजे हवा अडकत नाही आणि थरही पडत नाहीत. भरण्याआधी कोरड्या वाळूचं वजन करून ठेवा आणि उरलेली वाळू वाळवून परत मोजा. इथे आपल्या भागातली एक गंमत आहे. पुस्तकात वाळूच्या कणांची घनता २.६५ लिहिलेली असते, ती क्वार्ट्झची. गोदावरीची वरच्या भागातली वाळू बेसाल्ट झिजून आलेली, काळसर आणि जड. समजा पाइपचं आतलं आकारमान ३.८५ लिटर आणि वाळू बसली ६.८ किलो, तर २.६५ धरून सच्छिद्रता ३३ टक्के येते आणि २.८५ धरून ३८ टक्के. वेगात थेट तेवढा फरक पडतो. म्हणून घनता मानू नका, मोजा: मोजपात्रात पाणी घ्या, वजन केलेली वाळू टाका, पाणी किती चढलं बघा, झालं.

पाइप उभा लावा आणि पाणी खालून वर जाऊ द्या, याने उरलेली हवा वर निघून जाते आणि मिठाचं जड पाणी खालीच राहतं, वरच्या गोड्या पाण्यात स्वतःहून घुसत नाही. मीठ लिटरला १ ग्रॅमच टाका, जास्त नको, घनतेचा खेळ सुरू झाला की आपलं साधं समीकरण लागू पडत नाही. एवढ्या मिठाने ईसी साधारण २००० मायक्रोसिमेन्सने वाढते, मीटरला भरपूर झालं. एका बादलीत साधं पाणी, दुसरीत मिठाचं, दोन्ही एकाच उंचीवर, दोन्हीचे सलाइन सेट थ्री-वेला जोडलेले. आधी साधं पाणी तासभर सोडा, चाकाने प्रवाह मिनिटाला १० मिलीवर आणा आणि मोजपात्र व घड्याळ लावून खात्री करा. बादलीची पातळी उतरली की प्रवाह मंदावतो, म्हणून अधूनमधून भरत राहा. मग थ्री-वे फिरवा आणि घड्याळ सुरू.

किती वेळात काय दिसलं पाहिजे ते आधीच कागदावर काढून ठेवा. पाइपचा काटछेद ३८.५ चौ. सेमी, सच्छिद्रता ०.३८, म्हणजे फटींचं एकूण आकारमान १४६३ मिली, मिनिटाला १० मिलीने ते भरायला १४६ मिनिटं. खरा वेग मिनिटाला ०.६८ सेमी. म्हणजे पहिला दीड तास वरून काही वेगळं येणार नाही, तेव्हा दर दहा मिनिटांनी एक नमुना पुरे, १२० व्या मिनिटापासून पुढे मात्र दर दोन-तीन मिनिटांनी छोट्या कपात नमुना घ्या आणि वेळ लिहिताना कप भरायला लागलेल्या वेळेचा मधला क्षण लिहा. ईसी तापमानाने बदलते, अंशाला साधारण २ टक्के, मीटरमध्ये आपोआप दुरुस्ती नसेल तर सगळे नमुने सावलीत एकाच जागी ठेवून मोजा.

आता वाचनातून साध्या पाण्याची ईसी वजा करा आणि मिठाच्या व साध्या पाण्याच्या ईसीतल्या फरकाने भागा. साधं पाणी ४०० आणि मिठाचं २४०० असेल तर १४०० चं वाचन म्हणजे बरोबर ५० टक्के. वेळ आडवी, टक्के उभे, असा ग्राफ काढला की झोपलेल्या एससारखी रेषा मिळते. तिच्यावरून तीन वेळा वाचा: १६ टक्के, ५० टक्के आणि ८४ टक्के कधी आले. समजा १३१, १४६ आणि १६१ मिनिटं. मग

अल्फा = लांबी × (८४ ची वेळ − १६ ची वेळ)² ÷ (८ × ५० ची वेळ²)

म्हणजे १०० × ९०० ÷ (८ × २१३१६) = ०.५३ सेमी. एवढंच. डी झाला ०.५३ × ०.६८४ = ०.३६ चौ. सेमी प्रति मिनिट. डिफ्यूजनचा वाटा याच एककात ०.०००९ पेक्षाही कमी, म्हणजे चारशेपट लहान, सोडून द्या. एंड कॅप आणि नळ्यांमध्ये जे पाणी बसतं त्याला लागणारी मिनिटं मात्र तिन्ही वेळांतून आधी वजा करा.

मिठाचं पाणी पूर्ण आलं की थ्री-वे परत फिरवून साध्या पाण्याने धुवायचा भागही मोजा, कंटाळा करू नका. उतरती रेषा चढत्या रेषेचं प्रतिबिंब असली पाहिजे. शेपूट लांबत असेल तर कुठेतरी पाणी साचून राहतंय किंवा चिकणमाती क्षार धरून ठेवतेय. ५० टक्क्यांची वेळ गुणिले प्रवाह हे फटींच्या आकारमानाशी जुळतंय का हेही बघा, जुळत नसेल तर पाणी पाइपच्या भिंतीला लागून पळतंय किंवा सच्छिद्रता चुकलीये. विद्युतवाहकतेवरून भूजलाचा वेग काढायची ही पद्धत जुनी आहे, अमेरिकेत चार्ल्स स्लिक्टरने विहिरीत नवसागर टाकून हेच केलं होतं आणि १९०५ मध्ये छापलं होतं, त्याच्याही लक्षात आलं होतं की क्षार एकदम येत नाही, हळूहळू चढतो.

मॉडेलकडे वळू. सोपं उत्तर तयारच आहे, १९६१ चं, ओगाटा आणि बँक्स यांचं. त्याचा पहिला भाग:

टक्केवारी = ½ × ईआरएफसी[(अंतर − व्ही×वेळ) ÷ (२ × √(डी×वेळ))]

एक्सेलमध्ये ईआरएफसी नावाचं फंक्शन आहे, थेट वापरता येतं. दुसरा भाग: ½ × ईएक्सपी(व्ही×अंतर÷डी) × ईआरएफसी[(अंतर + व्ही×वेळ) ÷ (२ × √(डी×वेळ))]. आपल्या पाइपमध्ये अंतर भागिले अल्फा जवळजवळ १९० आहे, तिथे दुसऱ्या भागाने मधोमध दोनेक टक्क्यांचा फरक पडतो, सोडला तरी चालेल. शेतात हा आकडा १० असू शकतो आणि तिथे सोडून चालत नाही. ईएक्सपीच्या कंसात ७०९ च्या पुढे गेलात तर एक्सेल एरर देतं, अशा वेळी दुसरा भाग शून्य धरा, तो तेव्हा नगण्यच असतो.

पण शेतात वेग सगळीकडे सारखा नसतो, खत वर्षभर एकसारखं पडत नाही, म्हणून चौकटी पाडून सोडवता यायला हवं. एक्सेलमध्ये आडव्या चौकटी म्हणजे जागा (१ सेमीची एक, अशा १३०), खाली खाली जाणाऱ्या ओळी म्हणजे वेळ (अर्ध्या मिनिटाची एक). पहिल्या चौकटीत कायम १, शेवटच्या चौकटीत डावीकडच्या शेजाऱ्याचंच मूल्य, आणि मधल्या प्रत्येकीत:

नवं = जुनं − (क÷२) × (उजवं − डावं) + ख × (उजवं − २×जुनं + डावं)

यात क = व्ही × वेळेची पायरी ÷ चौकटीची लांबी = ०.३४. आणि ख = डी × वेळेची पायरी ÷ लांबी², पण त्यातल्या डीमध्ये आधी व्ही² × वेळेची पायरी ÷ २ मिळवायचं, म्हणजे ०.३६ + ०.११७ = ०.४७७, आणि ख येतो ०.२४. ही बेरीज का? कारण वेळेत अशा पायऱ्यांनी पुढे गेलं की गणितच तेवढं पसरणं खाऊन टाकतं, ते परत द्यावं लागतं.

इथे थोडं थांबायलाच हवं, कारण या विषयात सगळ्यात जास्त फसवणूक याच जागी होते. बरेच लोक मधल्या फरकाऐवजी फक्त डाव्या शेजाऱ्याचा फरक घेतात, त्याला अपविंड म्हणतात, ते गणित सहसा बिघडत नाही, रेषा छान गुळगुळीत येते, आणि म्हणूनच संशय येत नाही. पण ते स्वतःचं पसरणं गुपचूप मिसळतं: व्ही × चौकट ÷ २ × (१ − क). आपल्या आकड्यांत ०.२२५, म्हणजे खऱ्या ०.३६ वर आणखी ६० टक्क्यांहून जास्त! तुम्ही ०.५३ ची अल्फा घालता आणि मॉडेल ०.८५ ची असल्यासारखं वागतं, मग कुणीतरी मोजमापाशी जुळवायला अल्फा कमी करतं, आणि तीच खोटी अल्फा पुढे रिपोर्टमधून रिपोर्टमध्ये फिरत राहते. उलट मधला फरक घेऊन चौकटी मोठ्या ठेवल्या तर रेषा १०० टक्क्यांच्या वर आणि शून्याच्या खाली हेलकावे खाते. पाळायचं एवढंच की चौकट अल्फाच्या दुपटीपेक्षा मोठी नको, क १ च्या आत, ख अर्ध्याच्या आत. आणि शेतात उतरण्याआधी तुमचं एक्सेल ओगाटा-बँक्सशी आणि पाइपच्या वाचनांशी एकाच ग्राफवर ठेवून बघा, तिन्ही एकमेकांवर बसल्या तरच पुढे जा.

आता शेत. पाइपमधली अर्ध्या सेमीची अल्फा शेतात लावू नका, कारण शेतात मुरूम, गाळ, चिकणमातीचे पट्टे असं सगळं मिसळलेलं असतं आणि अंतर वाढलं तशी अल्फा वाढते. ढोबळ नियम म्हणजे अंतराच्या दहावा हिस्सा, २०० मीटरला २० मीटर. पण १९९२ मध्ये गेल्हार आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या मोजमापांचा आढावा घेतला तेव्हा भरवशाची मोजमापं खालच्या बाजूला होती, आणि कॅनडातल्या बॉर्डन इथे १९८२ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात बऱ्यापैकी एकसारख्या वाळूत ती अर्ध्या मीटरच्या आसपासच निघाली. म्हणून एक आकडा धरू नका, दोन धरा, ५ आणि २० मीटर.

उदाहरण करून बघू. पारगम्यता दिवसाला ५ मीटर, उतार शंभराला एक, सच्छिद्रता ०.१, म्हणजे वेग दिवसाला अर्धा मीटर, २०० मीटरला सरळ भागाकाराने ४०० दिवस. बागेखालच्या पाण्यात नायट्रेट लिटरला २२५ मिलिग्रॅम आणि विहिरीत आज २५ आहे असं धरा. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात मर्यादा ४५ आहे, म्हणजे फरकाच्या फक्त १० टक्के आलं की विहीर बाद. ओगाटा-बँक्सचे दोन्ही भाग घेऊन २० मीटरच्या अल्फाला हे १० टक्के साधारण २१० व्या दिवशी येतात, ५ मीटरच्या अल्फाला २९० च्या थोडं पुढे. सरासरीवर विसंबून ४०० दिवस सांगितले असते तर विहिरीचं पाणी तोपर्यंत कित्येक महिने मर्यादेच्या वर पिऊन झालं असतं, आणि ते पाणी लहान बाळांच्या दुधात गेलेलं असतं, ज्यांना नायट्रेटचा त्रास सगळ्यात जास्त. हे एका सरळ रेषेचं मॉडेल आहे, आडवं पसरणं आणि विहिरीत दुसऱ्या बाजूने येणारं पाणी यात धरलेलं नाही, ते धरलं की आकडा थोडा सौम्य होतो.

आता आपल्याकडची अडचण, आणि ही खरी मोठी आहे. नाशिकच्या खाली दख्खनचा बेसाल्ट आहे. वर मुरूम असतो तोवर वरचं गणित बऱ्यापैकी चालतं, पण खाली पाणी खडकाच्या सांध्यांतून आणि भेगांतून जातं आणि तिथे पाणी वाहणारी सच्छिद्रता ०.०१ किंवा त्याहून कमी असू शकते. बाकी सगळं तेच ठेवून फक्त ०.१ चं ०.०१ केलंत तर २१० दिवसांचे २१ दिवस होतात! अल्फावर वाद घालण्यापेक्षा या एका आकड्यावर मेहनत घ्या. शिवाय भेगेतलं नायट्रेट आजूबाजूच्या झिजलेल्या, बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेल्या खडकात हळूहळू शिरतं आणि खत बंद केल्यावर तितकंच हळूहळू बाहेर येतं, म्हणून खत थांबवलं तरी विहीर लगेच सुधारत नाही. अशा जागी दोन सच्छिद्रता धरणारं मॉडेल लागतं, एक भेगेची आणि एक साचलेल्या पाण्याची, त्यांच्यात देवाणघेवाणीचा एक दर.

धरून ठेवण्याबद्दल थोडक्यात. नायट्रेट आणि क्लोराइड सहसा मातीला चिकटत नाहीत, पाण्याच्याच वेगाने जातात. अमोनियम मात्र काळ्या मातीतल्या चिकणमातीला धरून बसतं. तिथे वेग आणि डी दोन्हीला या आकड्याने भागायचं: १ + कोरडी घनता × केडी ÷ सच्छिद्रता, यात केडी म्हणजे द्रव्य मातीला किती चिकटतं त्याचा आकडा. घनता १.६, केडी ०.५, सच्छिद्रता ०.३८ असेल तर ३.१, म्हणजे तिप्पट उशीर. पाण्यात ऑक्सिजन संपलेला असेल तर जिवाणू नायट्रेट मोडतातही, पण तसा पुरावा हातात नसताना मॉडेलमध्ये ते घालू नका, उत्तर उगाच गोड होतं.

आकडे कुठून आणायचे? उतारासाठी तीन विहिरी निवडा ज्या एका रेषेत नाहीत, एकाच दिवशी पाण्याची पातळी मोजा, काठाची उंची लेव्हलने घ्या, मोबाइलच्या जीपीएसची उंची इथे चालत नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत, त्यांच्या पातळ्यांवरून ऋतूप्रमाणे उतार कसा बदलतो ते कळतं. पारगम्यतेसाठी पंपिंग टेस्ट, म्हणजे मोटर ठरावीक प्रवाहाने चालवून पातळी कशी उतरते आणि बंद केल्यावर कशी चढते ते लिहायचं. नायट्रेटचे नमुने बागेखालच्या आणि विहिरीतल्या पाण्याचे, पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा, आणि सोबत क्लोराइडही मोजून घ्या, क्लोराइड मोडत नाही म्हणून नायट्रेट कमी झालं ते पातळ होऊन की मोडून हे त्याच्यावरून कळतं.

हे सगळं एक्सेलमध्ये बसलं की मगच मॉडफ्लो हे भूजलाचं सॉफ्टवेअर उघडा. अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षणाचं आहे, फुकट आहे, द्रव्याच्या वहनासाठी त्यातच भाग आहे, किंवा जुनं एमटी३डीएमएस जोडता येतं, आणि पायथन येत असेल तर फ्लोपायने चौकटी पाडणं फार सोपं होतं. तिथे आडवी अल्फा प्रवाहाच्या दिशेतल्या अल्फाचा दहावा हिस्सा आणि उभी शंभरावा हिस्सा धरून सुरुवात करतात. पहिलं काम म्हणजे तुमचा एक मीटरचा पाइप त्यात टाकून बघणं, ०.५३ सेमी घालून १३१, १४६, १६१ मिनिटं परत येतात का, आणि येत नसतील तर कुठली सॉल्व्हर स्कीम निवडलीये ते तपासणं, बहुतेक वेळा अपविंडच निवडलेलं असतं.

शेवटी विहीरवाल्याला काय सांगायचं: तारीख देऊ नका. चार वेळा मॉडेल चालवा, दोन अल्फा गुणिले दोन सच्छिद्रता, आणि ४५ ओलांडायचा सगळ्यात लवकरचा आणि सगळ्यात उशिराचा दिवस दोन्ही सांगा. वरच्या उदाहरणात ते तीन आठवड्यांपासून दहा महिन्यांपर्यंत येतं. एवढा मोठा पल्ला बघून विद्यार्थी घाबरतात, पण त्याचा उपयोग सरळ आहे: बाग आणि विहीर यांच्या मधोमध एखादं जुनं बोअर असेल तर तिथलं पाणी पहिले दोन महिने दर आठवड्याला तपासा. भेगांमधून वेगाने येत असेल तर मधल्या बोअरला ते याच काळात चढलेलं दिसेल, सच्छिद्रतेचा खालचा आकडा खरा ठरेल आणि पिण्यासाठी दुसरी सोय लगेच करायला घेता येईल. नाही दिसलं तर नमुना महिन्याला एक करा आणि दर वाचनासोबत सच्छिद्रतेचा आकडा दुरुस्त करत चला.